आधी सलाइन, मग सुरी

जाऊबाईंचे कपडे मी पहिल्यांदा कमरेत आत घेतले तेव्हा त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "बघ, या वयात मला कंबर सापडली." दुसऱ्यांदा तीच वेळ आली तेव्हा मात्र मी सुई सुयांच्या गादीत खोचली, दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. वाटेत त्या सारख्या म्हणत होत्या, "अगं, त्या गृहस्थांची पँट संध्याकाळी द्यायचीय." मी म्हटलं, "ते गृहस्थ आज जुन्याच पँटीत राहतील."

आम्ही दोघी जावा. दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, एकापाठोपाठ गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून वर घरात आणि खाली दुकानात आम्ही दोघीच. दुकान कपडे दुरुस्तीचं. नवं आम्ही शिवत नाही. कुणाची बाही लांब, कुणाची चेन तुटलेली, कुणाचं पोट सुटलेलं, ते सगळं आमच्याकडे येतं. काचेच्या दारातून आत आलं की डावीकडे माझं मशीन, उजवीकडे जाऊबाईंचं, मधे इस्त्रीचं टेबल, आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा, जिथला आरसा माणसाला जरा बारीक दाखवतो. तो आम्ही मुद्दाम बदललेला नाही.

तपासण्या झाल्या. डाव्या किडनीवर मुठीएवढी गाठ होती आणि दोन्ही फुप्फुसांत काही बारीक ठिपके. सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सर, आणि तो किडनीतून फुप्फुसापर्यंत पोहोचलेला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, लेकीच्या वयाच्या. त्यांनी काही आडपडदा ठेवला नाही. "हा मुळापासून जाईल असं मी सांगत नाही," त्या म्हणाल्या, "पण आता याच्यावर चांगली औषधं आहेत. पुष्कळ जण वर्षानुवर्षं चांगले जगतात. आपल्याला ठरवायचंय ते एवढंच, की आधी काय आणि नंतर काय."

जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मला दुखत तर काहीच नाही. मग मी आजारी आहे हे लोकांना पटवू कशी?"

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. मला रडू येत होतं, ते तिथेच थबकलं.

दुसऱ्या दिवशी वकील आला. वकील म्हणजे जाऊबाईंचा मुलगा. तो चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कंपनीत आहे, पण बोलायला लागल्यापासून वाद घालतो म्हणून घरात त्याला सगळे वकीलच म्हणतात. बॅग खाली ठेवायच्या आत त्यानं सुरुवात केली.

"आई, आधी ऑपरेशन. ती किडनीच काढून टाकायची. घरात साप शिरला तर आधी बाहेर काढतात, की त्याला औषध पाजत बसतात?"

खरं सांगायचं तर माझंही तेच मत होतं. शिलाई बिघडली की आधी उसवायची, हेच मी जन्मभर करत आले. आम्ही दोघं एका बाजूला झालो म्हटल्यावर जाऊबाई चहा पीत राहिल्या.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो तेव्हा वकिलानं सापाची गोष्ट पुन्हा सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली.

"गाठ फक्त किडनीत असती तर मी तुमच्याच बाजूनं बोलले असते," त्या म्हणाल्या. "पण ठिपके फुप्फुसांतही आहेत. एवढं मोठं ऑपरेशन आधी केलं तर सावरायला कितीतरी आठवडे जातील, आणि तेवढा काळ फुप्फुसातल्या ठिपक्यांना मोकळं रान. औषध सगळीकडे पोहोचतं, सुरी एकाच जागी. म्हणून आधी औषध. ते लागू पडलं, गाठी आकसल्या, की मग किडनी काढायचा विचार. गाठीतून रक्त जात असतं किंवा फार दुखत असतं, तर गोष्ट वेगळी होती."

वकिलाला पटलं नाही. त्यानं शोधून शोधून एक नावाजलेले सर्जन काढले आणि आम्हाला तिकडे घेऊन गेला. ते सर्जन पिकल्या केसांचे, जाड बोटांचे. स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरून त्यांनी बराच वेळ पाहिली. वकील पुढे सरकून बसला होता.

"काढता येईल?" त्यानं विचारलं.

"येईल की. उद्या सकाळी काढता येईल."

वकिलानं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"पण मी काढणार नाही," सर्जन म्हणाले. "आधी औषध घ्या. मग या माझ्याकडे, मी कुठे जात नाही." आणि जाऊबाईंकडे वळून म्हणाले, "हातात सुरी असली की सगळं कापावंसं वाटतं. मला हे कळायला फार वर्षं लागली, तुमच्या मुलाला एक आठवडा तरी द्या."

बाहेर आल्यावर वकील फूटपाथवर उभा राहून म्हणाला, "ऑपरेशनला नाही म्हणणारा सर्जन मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला." जाऊबाई म्हणाल्या, "मला आवडला तो. त्याच्या कोटाची बाही तेवढी लांब आहे."

तर सुरी मागे गेली. आता प्रश्न आला तो औषधांचा, आणि खरी मजा तिथेच झाली.

डॉक्टरीणबाईंनी दोन रस्ते सांगितले. पहिला म्हणजे दोन औषधांची सलाइन. ती शरीराच्या स्वतःच्या सैन्याला जागं करतात. कधी हळू लागू पडतात, पण लागू पडली तर परिणाम पुष्कळ काळ टिकतो. धोका एवढाच की जागं झालेलं सैन्य कधी आपल्याच माणसांवर उलटतं. आतडी, कातडी, लिव्हर, कुठेही सूज येऊ शकते. दुसरा रस्ता म्हणजे एक सलाइन आणि जोडीला रोजची गोळी. गोळी गाठीचा रक्तपुरवठा तोडते, त्यामुळे गाठी लवकर आकसतात. पण ती रोजची असल्यानं तिचा त्रासही रोजचा. ब्लडप्रेशर वाढतं, तोंडाची चव जाते, तळहात आणि तळपाय लाल होऊन सोलवटतात.

"दोन्ही रस्ते चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या रिपोर्टवरून मला एकच एक निवडता येत नाही. म्हणून मला तुमचा दिवस सांगा. कशावाचून तुमचं अडेल?"

मी जाऊबाईंना बोलूच दिलं नाही. "हात," मी म्हटलं. "त्यांचे हात जपायला हवेत. जन्मभर शिवणकाम केलंय त्यांनी. मशीन हाच त्यांचा जीव."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. वकिलानंही डोलावली. जाऊबाई आपल्या हातांकडे पाहत होत्या, जणू कुणी दुसऱ्याचे हात त्यांच्या मांडीवर ठेवून गेलं होतं.

"हातांचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "पायांचं सांगा. तळपाय सोलवटतात म्हणजे चालता येतं का?"

"थोडं. काही जणांना मोजा घालणंसुद्धा नको होतं."

"मग ती गोळी मला आत्ता नको."

"जाऊबाई, मशीनही पायानंच चालतं, तेही बरोबर आहे," मी म्हटलं.

"मशीनचं नाही गं. मला शिवायला कधीच आवडलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मी सकाळी दूध आणायला जाते ना," जाऊबाई म्हणाल्या, "तेव्हा दूध शेवटी घेते. आधी नदीकाठानं जुन्या पुलापर्यंत जाते, पुलावर जरा उभी राहते, आणि मग परत फिरते. रोज. दिवसातलं तेवढंच माझं असतं. माझं अडेल ते त्याच्यावाचून."

मला वाटायचं, दूधवाल्याच्या दारात त्या गप्पा छाटत बसतात.

वकिलानं शेवटचा प्रयत्न केला. "पण गाठी लवकर आकसवायला नकोत का? गोळी लवकर काम करते, म्हणाल्या त्या."

"त्यांना धाप लागत असती, दुखत असतं, तर मीच गोळीवर अडून बसले असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत्ता तेवढी घाई नाही. आणि गोळी कुठे पळून जात नाही. सलाइन लागू पडली नाहीत, किंवा पुढे कधी पडेनाशी झाली, तर ती आपल्या हातात असेल."

"ठरलं तर," जाऊबाई म्हणाल्या. "आधी सलाइन, मग त्या जाड बोटांच्या सर्जनची सुरी, आणि गोळी राखून ठेवायची. चालेल ना?"

"चालेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्या मनात साधारण हेच होतं. पण तुमच्या तोंडून आलं ते बरं झालं."

घरी येताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसले. कॅन्सरचं दुःख राहिलं बाजूला, मला भलताच राग आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तरी माझं तोंड फुगलेलंच. शेवटी जाऊबाईंनीच विषय काढला.

"अबोला किती दिवस चालणार आहे? माझ्याकडे सध्या वेळेची जरा टंचाई आहे."

"इतकी वर्षं," मी म्हटलं, "इतकी वर्षं समोरासमोर बसलो आपण. एकदा तरी सांगायचं होतंत."

"काय सांगायचं? नवीन लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मशीनवर बसवलं, बसले. मग तू आलीस. तू शिवताना गुणगुणायचीस, अजूनही गुणगुणतेस. म्हटलं, हिच्यासमोरचं मशीन रिकामं राहिलं तर हिला एकटं वाटेल."

माझा राग तिथेच विरघळला, पण एवढ्यात कबूल करायचं नव्हतं. "म्हणून तुमच्या शिवणी वाकड्या," मी म्हटलं. "आणि मी समजत होते, तुमची नजर कमी झालीय."

"नजर चांगली आहे माझी. दुपारी मी पडले की तू माझ्या शिवणी उसवून परत घालतेस, तेही दिसतं मला जिन्यातून."

मी तोंडावर हात दाबला. आधी त्यांना हसू फुटलं, मग मला. गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं, तरी आम्हाला आवरेना. ते बिचारे गृहस्थ आपली पँट घेऊन आल्या पावली परत जायला निघाले होते.

त्या दिवसापासून जाऊबाई मशीनवर बसल्या नाहीत. मशीन मी झाकून ठेवलं आणि त्याच्यापुढे खुर्ची मांडली. खुर्चीत बसून त्या गिऱ्हाइकांशी बोलत, मापं सांगत, कुणाला कुठला रंग शोभत नाही ते तोंडावर सांगत. गंमत म्हणजे धंदा वाढला.

सलाइन सुरू झाली. दवाखान्यातली ती खोली उजेडाची होती, रांगेनं आरामखुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाइनचा स्टँड. जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी शेजारच्या बाईंची चौकशी केली, दुसऱ्या खेपेला नर्सच्या गणवेशाची उसवलेली पट्टी हेरली आणि तिला दुकानाचा पत्ता देऊन मोकळ्या झाल्या. "माझी जाऊ करून देईल, तिला आवडतं," त्या म्हणाल्या. पुढे निम्मा वॉर्ड आमचं गिऱ्हाईक झाला.

सकाळचं चालणं चालूच होतं. थकवा यायचा, अंगाला खाज सुटायची, पण पूल काही चुकत नव्हता. काळजीपोटी मी मागोमाग जाऊ लागले. जाऊबाई म्हणाल्या, "पाळत ठेवायचीच असेल तर बरोबरीनं चाल, मागून तुझ्या धापा ऐकू येतात." कधी नव्हे ती चालायला लागलेली मी, पुलापर्यंत पोहोचेपर्यंत माझाच जीव मेटाकुटीला यायचा, आणि कॅन्सरची पेशंट कठड्याला टेकून माझी वाट बघत उभी.

तिसऱ्या सलाइननंतर मात्र पोट बिघडलं. साधं नाही; सकाळपासून त्या संडासातून बाहेरच येईनात, दुपारपर्यंत चेहरा पांढराफटक. डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच या. तसंच घेऊन गेले. आतड्यांना सूज आली होती. सैन्य उलटलं होतं. दाखल करून घेतलं, स्टेरॉइड सुरू केलं, सलाइनची औषधं थांबवली.

वकील धावत आला. कॉरिडॉरमध्ये मला म्हणाला, "काकू, मी म्हणत होतो गोळीचं."

"तू ऑपरेशनचं म्हणत होतास," मी म्हटलं. "गोळीचं नंतर. आणि आता पुढे एक शब्द बोललास तर तुझ्या सगळ्या पँटी मी गुडघ्यापर्यंत आखूड करीन."

तो भिंतीला टेकला आणि एकदम रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मीही रडले. सगळं हसण्यावारी नेता येत नाही, ते दोन-तीन दिवस तसेच होते. ठरलेली चौथी सलाइन तर राहिलीच, औषधही थांबलं, आता आत काय चाललं असेल, हाच विचार डोक्यात.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. "घाबरू नका. सूज उतरतेय. आणि औषध थांबलं म्हणजे काम थांबलं असं नसतं; जागं झालेलं सैन्य पुष्कळदा पुढेही लढत राहतं. त्या घरी जाऊ देत, ताकद येऊ दे, मग स्कॅन करू. तोवर नवीन काही नाही."

"म्हणजे वाट बघायची," वकील म्हणाला.

"हो. तोही उपचारातलाच एक टप्पा आहे."

स्टेरॉइडनं जाऊबाईंना भूक लागली. किती भूक म्हणावी. सकाळचं खाणं झालं की दुपारच्याची चौकशी. चेहरा गोल गरगरीत झाला. दुकानातल्या आरशात बघून म्हणाल्या, "मी हुबेहूब माझ्या आत्यासारखी दिसायला लागलेय. तिची आठवण येत होती, बरं झालं." मी आत घेतलेले त्यांचे सगळे कपडे मीच पुन्हा सैल केले, आणि एवढ्या आनंदानं मी आजवर काही उसवलेलं नाही.

स्कॅनच्या निकालाला आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी आधीची आणि आताची फिल्म शेजारी शेजारी लावली. मला त्यातलं काही कळत नाही, पण आधीच्या फिल्मवर होते ते ठिपके आताच्या फिल्मवर मी शोधत होते आणि मला सापडत नव्हते. मला वाटलं, मी भलतीकडे बघतेय.

"नाहीच आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक उरलाय, तो हा, कणभर. आणि किडनीवरची गाठ निम्म्याहून कमी झालीय."

वकिलानं खिशातून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसत बसला. जाऊबाई फिल्मकडे एकटक बघत होत्या.

"आता सर्जनकडे जायचं?" त्यांनी विचारलं.

"आता जायचं."

स्टेरॉइड हळूहळू कमी करत पूर्ण बंद झाल्यावर ऑपरेशन झालं. पिकल्या केसांचे सर्जन बाहेर येऊन म्हणाले, छान निघाली. वकिलानं त्यांचे दोन्ही हात हातात धरले, ते काही केल्या सोडेना, शेवटी सर्जनच म्हणाले, "हे परत द्या, मला दुपारी लागणार आहेत."

काढलेल्या गाठीत जिवंत कॅन्सर फारच थोडा उरला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काही महिन्यांनी स्कॅन, मग परत काही महिन्यांनी. तो कणभर ठिपका तसाच आहे. कदाचित नुसता व्रण असेल, कदाचित नसेल. वाढला तर दोनपैकी एक सलाइन परत देता येईल, नाहीतर गोळी आहेच. जाऊबाईंनी यावर एकच प्रश्न विचारला, "पुलापर्यंत कधीपासून जाऊ?"

पहिल्या दिवशी त्या दुकानाच्या दारापर्यंत चालल्या. मग कोपऱ्यापर्यंत. मग दूधवाल्यापर्यंत, आणि या वेळी खरोखरच दूध घेऊन लगेच परत. पोटावर हात धरून, माझ्या खांद्याचा आधार घेऊन, पण चेहरा असा की जणू गाव जिंकायला निघाल्यात.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. गोळीचं पाकीट अजून आमच्या घरात आलेलं नाही. गेल्या आठवड्यातल्या स्कॅनलाही डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आहे तसंच. पुन्हा या, पण घाई नको." बाहेर पडलो तर लख्ख ऊन पडलं होतं. बसथांब्यावर गर्दी होती. जाऊबाई म्हणाल्या, चालतच जाऊ.

अर्ध्या रस्त्यात माझी टाच दुखायला लागली. जाऊबाईंनी माझ्या चपलांकडे बघितलं, काही न बोलता मला एका बुटांच्या दुकानात ढकललं, खुर्चीवर बसवलं आणि दुकानदाराला सांगितलं, "हिला चालायचे बूट दाखवा. चांगले मजबूत. रोज वापरायचेत."

दुकानदारानं विचारलं, "कुठं लांब जायचंय का, बाई?"

"हिला विचारा," जाऊबाई म्हणाल्या. "मी म्हणेन तिथपर्यंत येणार आहे ती."

मी पाय पुढे केला.